गुरुवारचा पाहुणा

१० फेब्रुवारी २००५, गुरुवार

आज स्टुडिओतले दोन्ही फोन दीड तास खाली ठेवता आले नाहीत. अकरा वर्षं रेडिओवर सकाळचा कार्यक्रम करतोय, असं याआधी एकदाच झालं होतं, शहाण्णवला आपल्या दक्षिण आफ्रिकेने फुटबॉलचा कप जिंकला तेव्हा.

निमित्त डॉ. लेमर. साठी उलटलेला गोरा माणूस, खाकी शर्ट, मऊ आवाज. रसायनशास्त्रातले डॉक्टर. हयात गेली गुराढोरांचं खाद्य बनवणाऱ्या कारखान्यात, आता जीवनसत्त्वांची पावडर करतात. त्यांचं म्हणणं असं की एड्सच्या नावावर जी माणसं मरतात ती कुठल्या विषाणूने मरत नाहीत, पोटाला नीट मिळत नाही म्हणून मरतात. वर त्यांना क्लिनिकातून एड्सच्या या नव्या गोळ्या चारतात. ते इंग्रजीत बोलत होते, मी झुलूत सांगत होतो. एका ठिकाणी ते म्हणाले, या गोळ्या काही रोग्यांना अपायकारक ठरू शकतात. मी म्हटलं, 'उबुथी'. विष. वैरी अन्नात कालवतो तेही उबुथी, चेटूक करणारा उंबऱ्याखाली पुरतो तेही उबुथी. शब्द तोंडातून गेला आणि दोन्ही फोनचे दिवे लागले. नेमका शब्द सापडला की मला तो तळहातात जाणवतो.

खेतीवे काचेपलीकडे होती. माझी निर्माती. पाहुणे, फोन, वेळ, सगळं तीच सांभाळते. गेल्या वर्षी पार काडी झाली होती, आता गाल भरलेत. कुणीतरी भेटला असावा. रोज बरोबर आठला तिचं मनगटी घड्याळ पिकपिक करतं आणि ती पाणी प्यायला बाहेर जाते. किती वेळा सांगितलं, बाई, माइकमध्ये ऐकू जातं. हसून म्हणते, "भुती, माझी तहान वेळेवर लागते." मी काही तिचा भाऊ नव्हे, पण भुती म्हणजे थोरला भाऊ, आणि तिने तसं म्हटलं की मला बरं वाटतं.

घरी मात्र सिझा मक्याच्या पिठाचा पुटू वाढताना पातेलं आपटत होती. माझी बायको क्लिनिकात नर्स आहे आणि गेलं वर्षभर त्याच गोळ्यांच्या खोलीत बसतेय, तेव्हा आपटणारच.

"तुला कळतं का आज काय बोललास?"

"मी नाही बोललो, पाहुणा बोलला. मी दोन्ही बाजू मांडतो. गोरे डॉक्टर आपल्याशी कधी खरं बोललेत? माझ्या बहिणीला न विचारता इंजेक्शनं टोचली, पोरं होऊ नयेत म्हणून. विसरलीस?"

"विसरले नाही. आणि हा लेमर कोण? तुझ्या मावशीचा मुलगा?"

मी पुटूवर आंबट दूध घातलं आणि जेवलो.

१७ फेब्रुवारी

आमचे मॅनेजर बाबा शेझी खूश आहेत. आता दर गुरुवारी लेमर. त्यांची कंपनी आमची प्रायोजक झाली. दोन वर्षं खरखरणारा ट्रान्समीटर दुरुस्त होणार.

मी म्हटलं, "समोर एखादा क्लिनिकातला डॉक्टरही बसवू."

शेझी म्हणाले, "खोझा, डॉक्टर आला की लोक चहा टाकायला उठतात. लेमर आला की बसतात. तू रेडिओ चालवतोस की शाळा?"

पटलं नाही, पण विषय सोडला. आरोग्यमंत्रीणबाई स्वतः एड्सवर लसूण आणि बीट खा म्हणतात, मग आम्हीच काय घोडं मारलं?

२४ फेब्रुवारी

कार्यक्रम संपल्यावर खेतीवे लेमरना दारापर्यंत सोडायला गेली. अनवाणीच. हल्ली टेबलाखाली बूट काढून बसते. तिने त्यांना विचारलेलं माझ्या कानावर पडलं. "डॉक्टर, माझ्या एका चुलतबहिणीचे पाय जळतात. निखाऱ्यावर ठेवल्यासारखे. ती त्या गोळ्या घेते."

लेमरनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "शरीर सांगतंय तिला. तिने शरीराचं ऐकावं."

कुठल्याही विषयात शिरायचं तर अशी माणसाची गोष्ट हवी. मी तिला म्हटलं, "त्या बहिणीला कार्यक्रमात आण ना." ती म्हणाली, ती लाजाळू आहे.

कंपनीने पावडरचे डबे पाठवलेत. दोन खेतीवेला दिले. थकल्यासारखी दिसते.

१७ मार्च

गंमत म्हणजे आठची पिकपिक बंद झाली. आज मुद्दाम लक्ष ठेवलं. आठ वाजले, सव्वाआठ झाले, घड्याळ गप्प. "शेवटी ऐकलंस माझं," मी म्हटलं.

"ऐकलं ना, भुती," ती म्हणाली. "तुमचंच ऐकलं."

७ एप्रिल

सिझाशी पुन्हा वाद. ती सांगत होती, खोलीबाहेरची बाकं रिकामी पडायला लागलीत. पूर्वी लोक पहाटेपासून नंबर लावून बसायचे. "कुणी येऊन सांगतही नाही की सोडलं म्हणून. नुसते येत नाहीत."

मग एकदम विचारलं, "खेतीवे कशी आहे?"

"मजेत. का?"

"जेवते का नीट? कामावर रोज येते?"

"तिच्या जेवणाचं तुला काय?"

सिझाने पुसलेला ओटा पुन्हा पुसला. मग म्हणाली, "तिला सांग, सिझाने चहाला बोलावलंय. इथे घरी. क्लिनिकात नको, घरी ये म्हणावं. कधीही ये. सांगशील?"

इतक्या वर्षांत सिझाने माझ्या निर्मातीची चौकशी कधी केली नाही. मला वाटतं तिच्या डोक्यात काहीतरी भलतंच शिरलंय. खेतीवे एकोणतीस वर्षांची, दिसायला चांगली, दिवसाचे सहा तास माझ्यासोबत. बायकांना संशय यायला एवढं पुरतं. थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला लिहू?

निरोप दिला. खेतीवेचा चेहरा उतरला. "पुढच्या आठवड्यात जाईन," म्हणाली.

१२ मे

आज खेतीवे स्टुडिओत नाचत आली. "बघा भुती! बूट!" लाल, टाचेचे. पाय जळायचे थांबले म्हणाली. चुलतबहिणीचे नाही, तिचे स्वतःचे. मला हसू आलं. म्हटलं, म्हणजे बहीण तूच होतीस? तीही हसली. अशक्तपणाने जळत असणार पाय. दोन डब्यांत हा फरक!

कार्यक्रमात मी नाव न घेता सांगितलं, आमच्याच स्टेशनातल्या एका मुलीचे पाय जळत होते, आज ती टाचेचे बूट घालून नाचतेय. त्यावर इतके फोन आले की शेझींना स्वतः बसून घ्यावे लागले. लेमर म्हणाले, मिस्टर खोझा, शंभर शोधनिबंधांपेक्षा हे एक वाक्य मोठं.

घरी गेलो तर सिझाने रेडिओ कपाटात टाकून दिला होता. माझं ताट झाकून झोपायला गेली होती. भांडली असती तर बरं झालं असतं.

२३ जून

जूनची थंडी फार. खेतीवेला महिनाभर खोकला आहे. लाल बूट आता सैल होतात, टाचेत कागद कोंबते. लेमरना विचारलं. म्हणाले, इतकी वर्षं साठलेलं बाहेर पडतंय, डोस वाढवा. आणखी दोन डबे दिले.

मला मधूनच शंका येते. आज तिला जिन्यात मधल्या पायरीवर बसलेली पाहिलं. वर यायचं की खाली जायचं, ते ठरवत असल्यासारखी. "डॉक्टरकडे जा," मी म्हटलं.

"कुठल्या डॉक्टरकडे जाऊ? तुम्हीच सांगा," तिने विचारलं. चेष्टा नव्हती. खरंच उत्तर हवं होतं तिला. मी म्हटलं, बघू, एखादा चांगला खासगी शोधू. मग बातम्यांची वेळ झाली.

१४ जुलै

तिचं डोकं इतकं दुखतंय की उजेड सहन होत नाही. काचेवर तिने वर्तमानपत्र चिकटवलं होतं. मला ती दिसत नव्हती, नुसता हेडफोनमधला आवाज. "चाळीस सेकंद, भुती. तीस. दहा." मग आवाज आलाच नाही. उठून गेलो तर टेबलावर डोकं ठेवून पडलेली.

तिची आई, मा म्बाथा, ग्रेटाउनकडच्या गावाहून आली आणि तिला घेऊन गेली.

४ ऑगस्ट

सरकारी इस्पितळात तिला बघायला गेलो. सिझा म्हणाली, मीही येते. खेतीवेने मला ओळखलं नाही. सिझा खाटेशी वाकून तिच्या कानात काहीतरी सांगत राहिली, मग बाहेर जाऊन तिथल्या डॉक्टरशी बराच वेळ बोलली. गाडीत बसल्यावर ती रडायला लागली. बाजारासमोर मला गाडी बाजूला घ्यावी लागली. मला माहीत नव्हतं तिचा खेतीवेवर एवढा जीव आहे.

११ ऑगस्ट

खेतीवे गेली. पहाटे. आठला मी माइकसमोर होतो.

२० ऑगस्ट, शनिवार

दफन. मा म्बाथांनी सूत्रं माझ्या हाती दिली. लेकीला तुमचा फार अभिमान होता म्हणाल्या. मंडप, बायकांची गाणी, मांसाची मोठी पातेली. मी उभा राहिलो आणि सगळे म्हणतात तेच म्हणालो. अल्पशा आजाराने. गेल्या पाच वर्षांत मी हे शब्द किती जणांसाठी वाचले असतील! आमच्याकडे सगळे अल्पशा आजारानेच जातात. सिझा मागच्या रांगेत होती. मान खाली घालून बसली होती, एकदाही वर पाहिलं नाही.

२७ ऑगस्ट

हे लिहायला तीन वेळा बसलो आणि उठलो.

सकाळी मा म्बाथांचा निरोप आला, खेतीवेची खोली रिकामी करायची आहे. गेलो. त्यांनी पलंगाखालून एक पिशवी काढली. "बाबा खोझा, तुम्ही शिकलेले. हे वाचून सांगा कशाचं आहे. फेकायचं की कुणाच्या उपयोगी पडेल?"

आत चार बाटल्या होत्या. तीन भरलेल्या, एकीचं झाकण उघडलेलं. लेबलावर क्लिनिकचा शिक्का, मार्चची तारीख. खाली पेनाने लिहिलेलं: सकाळी ८, संध्याकाळी ८, एकही चुकवू नकोस. आठाच्या आकड्याला वर छोटीशी शेपूट होती. बावीस वर्षं ते अक्षर मी घरच्या वाण्याच्या यादीवर बघत आलोय.

पिशवीत लेमरचे रिकामे डबेही होते. पाच. चार मी दिलेले. पाचवा तिने स्वतः विकत घेतला असणार.

मा म्बाथा वाट बघत होत्या. मी म्हटलं, "औषध आहे, मा."

"कशावरचं?"

मी म्हटलं, "ती ज्याने गेली, त्यावरचं."

त्या खाली बसल्या. "मग हिने घेतलं का नाही?"

मी चारही बाटल्या घेऊन घरी आलो.

सिझा कपडे वाळत घालत होती. बाटल्या पायरीवर ठेवल्या. तिने पाहिलं आणि हातातली चादर पुन्हा टोपलीत टाकली.

"तुला माहीत होतं."

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

"कुणाला सांगू? सकाळी दोन लाख लोकांशी बोलणाऱ्या माणसाला? ज्या दिवशी एका रोग्याचं नाव माझ्या तोंडातून नवऱ्याच्या कानात जाईल, त्या दिवशी माझ्या खोलीत चिटपाखरू येणार नाही. नर्सची शपथ आहे माझी, थुला. जेवढं सांगता येत होतं तेवढं सगळं सांगितलं. चहाला बोलावलं. घरी दोनदा गेले, तिने दार उघडलं नाही. कार्यक्रम बंद कर म्हणून तुझ्या पाया पडायचंच बाकी राहिलं."

"मला वाटलं तू माझ्यावर संशय घेतेस."

तिने असं पाहिलं की माझ्याकडे पुन्हा कधी कुणी तसं पाहू नये. मग शांतपणे म्हणाली, "पाय जळायचे तिचे. त्या गोळ्यांतल्या एकीने होतं तसं काहींना. आली असती तर आम्ही ती गोळी बदलली असती. एकच गोळी, थुला. बाकीच्या चालूच राहिल्या असत्या."

१ सप्टेंबर, गुरुवार

शेझी काल म्हणाले, एकदा माफी मागितलीस की लोक विचारतील, आणखी काय काय खोटं सांगितलं? मी म्हटलं, विचारू देत. ते म्हणाले, प्रायोजक जाईल. आज लेमर यायच्या आधीच मी माइक उघडला. खेतीवेचं नाव घेतलं नाही. तिच्या आईने परवानगी दिली होती, तरी घेतलं नाही, जीभ वळली नाही. सांगितलं की मी या गोळ्यांना विष म्हणालो ते चुकलं. बूट घालून नाचणारी मुलगी मी तुम्हाला सांगितली होती. ती तेव्हाच गोळ्या सोडून बसली होती, आणि त्या सोडल्याने मेली. ज्यांनी माझं ऐकून सोडल्या त्यांनी आजच क्लिनिकात जावं, तिथे कुणी रागावणार नाही.

फोन आले. तेवढेच, फेब्रुवारीइतके. पहिला माणूस म्हणाला, "खोझा, मग तू तेव्हा खोटं बोलत होतास की आता? कुठल्या इस्पितळाने हात ओले केले?" एक बाई म्हणाली, तुम्हाला धमकी आली असेल तर दोनदा खोका, आम्ही समजून घेऊ. मला खोकलाच आला. 

दुपारी लेमरचा फोन. आवाज तसाच मऊ. "मिस्टर खोझा, टेप ऐका. मी विष हा शब्द एकदाही वापरलेला नाही. मी म्हटलं, काहींना अपायकारक ठरू शकतात. आणि ते खरंच आहे, नाही का? तुमच्या भाषेत तुम्ही काय सांगितलंत, ते मला कसं कळणार?"

टेप काढून ऐकल्या. हाती लागल्या त्या अकरा गुरुवारांच्या. ते खरं बोलत होते. ते जिथे 'कदाचित' म्हणाले तिथे मी तो शब्द गाळला होता. जिथे ते थांबले तिथे मी भर घातली होती. कुणी मला तसं करायला सांगितलं नव्हतं. तसं ऐकायला चांगलं वाटत होतं.

१९ सप्टेंबर

मला सकाळच्या कार्यक्रमावरून काढून रविवारच्या चर्चच्या गाण्यांवर टाकलं. लेमर दुसऱ्या स्टेशनवर गेले, तिथे त्यांना तरणा निवेदक मिळाला.

क्लिनिकात किती जण परत आले, सिझाला विचारलं. "काही," म्हणाली. किती, ते सांगत नाही. कोण, ते तर नाहीच.

६ ऑक्टोबर, गुरुवार

गाडी दुरुस्तीला दिलीय म्हणून मिनीबस टॅक्सीने निघालो. सोळा माणसं कोंबलेली, मी मागच्या सीटवर. पुढच्या सीटवर एक बाई शेजारणीला सांगत होती, लेक अंथरुणाला खिळलीय, पण बरं झालं वेळेत कळलं, त्या गोळ्या मी स्वतः संडासात ओतल्या. "रेडिओवर सांगितलं ना. उबुथी."

माझा स्टॉप जवळ आला होता. उतरून जाता आलं असतं.

"मा," मी म्हटलं, "ते सांगणारा मीच. थुलासिझ्वे खोझा. मी चुकीचं सांगितलं."

ती वळली. माझ्या जुन्या स्वेटरकडे पाहिलं. "जा रे. तो शिकलेला माणूस आहे. टॅक्सीने कशाला येईल?"

पण ड्रायव्हरने आरशात पाहिलं. "मा, आवाज त्याचाच आहे." सगळे वळून बघायला लागले. मी सांगितलं, जेवढं दोन स्टॉपांत सांगता येतं तेवढं. माझ्यासोबत काम करणारी मुलगी होती, माझं ऐकून तिने सोडल्या, ऑगस्टमध्ये तिला पुरलं.

बाईचा चेहरा दगडासारखा झाला. ती म्हणाली, "आणि मी ओतल्या. माझ्या हाताने. आता तिला जाऊन काय सांगू?"

"मी येतो. मी सांगतो."

ती पुढच्या स्टॉपवर उतरली. मी मागोमाग उतरलो. टेकडी चढून त्यांचं घर, पत्र्याचं, दारात पिवळा नळ. ती पुढे चालत होती, मी येतोय की नाही तेही तिने वळून पाहिलं नाही.

लेक तेवीस-चोवीसची असेल. भिंतीकडे तोंड करून पडलेली, दोन ब्लँकेटं अंगावर. मी कोपऱ्यातल्या क्रेटवर बसलो आणि बोलायला लागलो. माझा आवाज जसा निघतो तसाच निघाला, भरदार, रेडिओचा. दुसरा कुठून आणू?

दोन वाक्यं झाली असतील. ती न वळता म्हणाली, "आई, तो रेडिओ बंद कर."

"रेडिओ नाही गं," आई म्हणाली. "माणूस आलाय."

मग ती वळली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी पुढचं सगळं सांगितलं, हळू आवाजात, एकेका शब्दाला थांबत. खेतीवेचं नावही घेतलं. 

क्लिनिक साडेसातला उघडतं. सिझाला सांगून ठेवलंय की एक जण येईल, नाव सांगितलं नाही. शेजाऱ्याची गाडी मिळालीय, उद्या सकाळी सातला त्या टेकडीखाली जाऊन थांबणार आहे. ती मुलगी येईल की नाही, ते तिने सांगितलेलं नाही.